दहा-अकराचा पाना

आमच्या घरात देवघराला जेवढा मान नाही, तेवढा एका प्लायवूडच्या फळीला आहे. ती मागच्या व्हरांड्यात टांगलेली असते. पाने, पक्कड, पेचकस, हातोडी अशा प्रत्येक हत्याराचा आकार तिच्यावर लाल रंगाने काढलेला आहे आणि ज्या त्या आकारावर ते ते हत्यार खिळ्याला लटकतं. एखादा पाना काढला की मागे नुसता लाल आकार उरतो. कोणतं हत्यार जागेवर नाही, ते लांबूनही कळतं. आमच्या ह्यांनी ही फळी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी केली. त्यानंतर आम्ही तीन घरं बदलली आणि प्रत्येक घरात आधी फळी लागली, मग गॅस. आमचं गाव हिंदी मुलखातलं, येणारे जाणारे म्हणतात, अंकलजी, आप कितने सिस्टमॅटिक हो. हे म्हणतात, "पूर्वी नव्हतो. धडा मिळाला."

तेवढ्यात मला चहाचं आधण आठवतं आणि मी आत जाते. सत्तेचाळीस वर्षं मी त्या वाक्याला आत जाऊन राहिले.

यंदा नातीने जुनी मोटरसायकल घेतली. ती रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात बनून आलेले भाग तपासायचं काम करते. तिथल्याच कोणाची तरी गाडी विकायची होती. शनिवारी दुपारी हॉर्न वाजवतच ती फाटकातून आत आली. मी ओवाळलं, हँडलला झेंडूची माळ घातली. हे चष्मा शोधायला गेले आणि चष्म्याबरोबर टॉर्चही घेऊन आले. तेव्हाच मला कळलं की आता ही गाडी लवकर सुटायची नाही.

आधी टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे वाचले. त्यावरून टायर कोणत्या वर्षी बनला ते कळतं. वरची नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर दगडासारखं होतं, हे तिला समजावून झालं. मग चेन बोटाने वरखाली करून बघितली. तेलाची कांडी काढून तेल बोटांत चोळलं आणि वास घेतला. नात म्हणाली, मागच्याच महिन्यात बदललंय म्हणे. हे म्हणाले, "जुनी गाडी घेतली की एकच समजायचं, मागच्या मालकाने काही म्हणजे काही केलेलं नाही. तो चांगला माणूस असेल, पण त्याचं चांगुलपण त्याच्या घरी. तेल बदलायचं, हवेचं फिल्टर बदलायचं, प्लग काढून बघायचा, ब्रेक उघडायचे, केबली दोन्ही टोकांना बघायच्या. पहिले आठ दिवस घराच्या जवळपासच चालवायची, आणि मग सगळे नट पुन्हा एकदा आवळायचे."

"आजोबा, पण मी उद्या सुबह बरगी डॅमला जाऊन राहिली ना. मैत्रीण येणार आहे. नंतर करू ना सगळं, अगले संडे."

ह्यांनी उजवा हात पुढे केला. पंजा उताणा करायला गेलं की तो अर्ध्यावर अडकतो, प्रसाद घ्यायलाही डावा हात खाली धरावा लागतो. म्हणाले, "मीपण असंच नंतर करू म्हटलं होतं. आळस केला. हा बघ."

नातीने ही गोष्ट पाळण्यात असल्यापासून ऐकली आहे. तिने हो हो म्हटलं आणि सरळ स्वयंपाकघरात माझ्याकडे आली. ह्यांना साखर वर्ज्य असल्यामुळे साखरेचा डबा घरात कुठे असतो ते फक्त मला माहीत असतं. लपवालपवीत माझा हात धरणारं घरात कोणी नाही. त्याच भरवशावर ती ओट्याला टेकून हळूच म्हणाली, "आजी, आजोबा एकदा का पाने घेऊन बसले तर गाडी सोमवारशिवाय मिळणार नाही. तू काही तरी कर ना. एखादा पाना ठेव ना कुठे तरी. तुला तर येतं."

मला येतं, ते खरंच.

ह्यांचा हात गेला तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. त्या मुलीबद्दल चांगलं बोलावं असं मला फार वाटतं, पण सापडत नाही काही. दिसायला बरी होती, एवढंच. तिची सगळी बुद्धी साडीची किनार आणि ब्लाउजची बाही जुळवण्यात खर्च व्हायची. हे तेव्हा संरक्षण कारखान्यात, मापाच्या खोलीत होते. केसाच्या जाडीचा फरक डोळ्यांनी ओळखायचे आणि कानशीने काढायचे. त्यांनी निवृत्त होणाऱ्या एका फोरमनकडून जुनी मोटरसायकल घेतली. मला वाटलं, घमापुरातल्या माझ्या मावसबहिणीचं तोंड आता कायमचं बंद होणार. ती भेटली की विचारायची, काय ग, अजून सायकलच्या मागेच बसते का?

दसऱ्याला सोनं द्यायला तिच्या दारात मोटरसायकलवरून उतरायचं, हे मी ठरवून टाकलं. नवऱ्याला न विचारता काळा चष्मासुद्धा घेऊन ठेवला. साडीवर काळा चष्मा! आरशात मी स्वतःला फारच आवडले होते.

अडचण एकच होती. ह्यांना पुढच्या ब्रेकची केबल दिसली होती. हँडलच्या टोकाशी तिच्या दोन तारा तुटून वर आल्या होत्या. नवी केबल आणून त्यांनी खिळ्याला टांगून ठेवली होती. पण खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा करायची आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून ते म्हणाले, दसऱ्याला सकाळी पाने उचलले की पंधरा मिनिटांचं काम आहे.

त्यांची पंधरा मिनिटं मला माहीत होती. आदल्या रविवारी नुसता प्लग बघतो म्हणून बसले होते आणि दिवे लागेपर्यंत गाडी वर्तमानपत्रावर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली होती. म्हणून खंडेनवमीच्या संध्याकाळी मी पाटावरून एक पाना उचलला. एका टोकाला दहा नंबर, दुसऱ्या टोकाला अकरा. केबलचा नट त्यानेच सुटायचा. त्याच्यावर गंध आणि अक्षता होत्या, त्यांच्यासकट मी तो तांदळाच्या डब्यात खुपसला. देवाला नमस्कारही केला, हे विशेष.

सकाळी हे शोधायला लागले. पाटाखाली, पेटीत, पोत्यात. पेटी तीनदा रिकामी केली. शेजारी मागावा तर दसऱ्याला सगळ्यांचीच हत्यारं पूजेत, आणि दुकानं बंद. मी म्हटलं, कारखान्यात विसरून आले असाल. त्यांना आठवेना. पण मी इतक्या ठामपणे म्हटलं की त्यांना तेच खरं वाटलं.

घमापुरात पोचलो तर बहिणीच्या दाराला कुलूप. माझा काळा चष्मा बघायला एक बकरी तेवढी होती. आता कोणाला तरी दिसल्याशिवाय परत जायचं कसं? म्हणून मी म्हटलं, चला ना, ग्वारीघाटावर जाऊ, नर्मदामाईला सोनं वाहू. हे म्हणाले, उतार आहे, ब्रेक कच्चा आहे, राहू दे. मी तोंड फुगवलं. हे निघाले.

घाटाच्या उतारावर केबल तुटली. मागचा ब्रेक दोघांचं वजन धरेना आणि समोर फुलवाल्यांच्या टोपल्या, लहान मुलं, म्हाताऱ्या बायका. ह्यांनी गाडी बाजूच्या दगडी कठड्याला घातली. मी उडून झेंडूच्या टोपलीत पडले. खरचटलंसुद्धा नाही. फुलवालीने मला उठवलं, माझा चष्मा पुसून हातात दिला. हे कठड्याशी बसले होते आणि त्यांचं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं होतं.

इथपर्यंतचं मी मूर्खपणात घालीन. तेवीस वर्षांच्या मुलीला मूर्खपणा माफ असतो असं लोक म्हणतात. पण पुढचं मूर्खपणाचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तांदळातून पाना काढला, गंध पुसलं आणि ह्यांच्या पेटीत तळाशी, चिंध्यांखाली ठेवून दिला. दीड महिन्याने प्लास्टर निघालं तेव्हा तो त्यांना सापडला. त्यांनी तो उलटून दोन्ही टोकांचे आकडे वाचले. मग म्हणाले, "इथेच होता. तीनदा बघितलं आणि मला दिसला नाही."

मी भाजी चिरत होते. तेव्हा बोलता आलं असतं.

हात पूर्ण फिरेना, त्यामुळे कानशीचं काम गेलं. पण साहेबांनी त्यांना तपासणीच्या टेबलावर बसायला सांगितलं होतं. तिथे हात नको, नजर हवी, आणि नजर त्यांच्यासारखी कोणाची नव्हती. ह्यांनी नाही म्हटलं. ज्याला स्वतःच्या पेटीतला पाना दिसत नाही तो दुसऱ्याचं माप काय तपासणार, असं साहेबांना सांगून आले आणि स्टोअरमध्ये गेले. निवृत्त होईपर्यंत खिडकीत बसून दुसऱ्यांच्या हातात हत्यारं दिली. त्याच थंडीत ती फळी झाली. लाल रंगाचा डबा मीच धरला होता.

इतकं सगळं ओट्याशी उभ्या नातीला काय सांगणार? मी तिला म्हटलं, थांब जरा, आणि हात पुसून व्हरांड्यात गेले. हे कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तिच्यासाठी यादी लिहून राहिले होते. मी पायरीवर बसले.

"अहो, त्या दसऱ्याला पाना हरवला नव्हता. मी तांदळाच्या डब्यात ठेवला होता."

"कोणत्या दसऱ्याला?"

"हाताच्या."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "काहून?"

मी घमापुरची बहीण सांगितली, काळा चष्मा सांगितला. एरवी हे सांगताना मी स्वतःच्या फजितीवर सगळ्यांना हसवलं असतं. ह्यांना हसू आलं नाही.

"आणि पेटीत?"

"मीच ठेवला. नंतर. चिंध्यांखाली."

"म्हणजे मी तीनदा बघितलं तेव्हा तो नव्हताच तिथे."

"नव्हता."

फळीवरच्या दहा-अकराच्या पान्याकडे ते बघत राहिले. "हात जाऊ दे," ते म्हणाले. "हात कोणाचाही मोडतो. पण माझी नजर गेली, असं मला वाटून राहिलं ना ग. इतकी वर्षं."

नात दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. जाऊन तिने गाडीवरची माळ काढली आणि मैत्रिणीला फोन लावला. कल कैंसल, एवढंच मला ऐकू आलं.

रविवारी दोघांनी गाडी उघडली. पुढच्या ब्रेकचे पॅड पापडासारखे पातळ झाले होते. हवेच्या फिल्टरमध्ये कुठल्या तरी किड्याने मातीचं घर बांधलं होतं. तेल काळं आणि पाण्यासारखं पातळ. ते मागच्याच महिन्यातलं म्हणायचं तर महिना फार मोठा असला पाहिजे. क्लचची केबल खालच्या टोकाला पिंजलेली होती. आठ दिवस नातीने गाडी घमापुरच्या पुढे नेली नाही, मग सगळे नट पुन्हा आवळले. ह्यांच्याकडून माझ्या वाट्याला त्या आठवड्यात दोनच शब्द आले, चहा आणि गोळी. मी साखरेचा डबा उघड्यावर ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

पुढच्या रविवारी ती बरगीवाली मैत्रीण आली. तिलाही जुनी गाडी घ्यायची होती. अंकलजी, क्या-क्या देखना पड़ता है? ह्यांनी तिला फळीपाशी नेलं आणि नेहमीसारखी सुरुवात केली. गाडी पुरानी थी, केबल के दो तार टूटे हुए थे, नई केबल घर में रखी थी. मी दारात होते. चहाचं आधण मला आठवलं, पण मी आत गेले नाही.

"फिर बदली क्यों नहीं?" तिने विचारलं.

सत्तेचाळीस वर्षं ह्या ठिकाणी एकच वाक्य यायचं, आळस किया. ह्यांनी फळीवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"पाना मिला नहीं," ते म्हणाले.

"चावल के डिब्बे में था," मी म्हटलं. "मैंने छुपाया था, घूमने जाने के लिए."

मैत्रीण हसली, तिला वाटलं म्हातारीची थट्टा. नात हसली नाही. ह्यांनी फळीवरून दहा-अकराचा पाना काढला आणि नातीच्या गाडीपाशी जाऊन उकिडवे बसले. मैत्रिणीला म्हणाले, पहले केबल देखना, दोनों सिरे. मग मागे न बघताच टॉर्च माझ्याकडे केला.

"धर. आणि हलवू नको."

मी धरला. त्यांना नट पहिल्याच नजरेला दिसला.