लिओनाबाईंचा देश

इंग्लंडमधल्या आमच्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात केटल लावली, की पाणी उकळायच्या आत कुणीतरी बेटाचा विषय काढतोच. दूर समुद्रातला एक चिमुकला देश. त्याचे फोन, इंटरनेट आणि विमानतळाची लिंक आम्ही इथून सांभाळतो. तिकडे हे सगळं एकट्या लिओनाबाई बघतात. त्यांना आम्ही कधी पाहिलेलं नाही, पण त्यांचे किस्से इतके साठलेत, की नव्या माणसाला कामाआधी तेच ऐकावे लागतात.

*

नागपूरचा निखिल तेव्हा टीममध्ये नवा होता. त्याला तिकडे राउटर पाठवायचा होता. त्याने पत्ता विचारला.

"माझं नाव लिहा. पोचेल."

"मॅडम, कुरियरवाल्याला रस्त्याचं नाव लागतं."

"रस्ता एकच आहे. त्याला नाव कशाला हवं?"

निखिलने पार्सलवर 'लिओना, रस्ता' एवढंच लिहिलं. राउटर पोचला!

*

दर मंगळवारी विमानतळाची लिंक बंद पडायची. निखिलने लॉग तपासले, केबल बदलायला लावली, सॉफ्टवेअर बदललं. शेवटी वैतागून फोन केला.

"मंगळवारी विमान येतं ना," लिओनाबाई म्हणाल्या. "त्याआधी फायर इंजिनची बॅटरी चार्ज करावी लागते. प्लग एकच आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतकं मन लावून शोधत होतात."

आम्ही एक्स्टेंशन बोर्ड पाठवला. त्या प्रोजेक्टमधली ही आमची सर्वांत यशस्वी डिलिव्हरी.

*

मग बेटावरचं जुनं टेलिफोन एक्स्चेंज काढून नवं चालू करायचा दिवस आला. जुन्याच्या खाचाखोचा मलाच माहीत. अख्खा देश दिवसभर फोनशिवाय राहणार होता, म्हणून बोट धक्क्यालाच बांधली होती, विमान रद्द केलं होतं. आणि त्याच सकाळी माझ्या बायकोला, अदितीला, वेळेच्या बऱ्याच आधी कळा सुरू झाल्या. मी हॉस्पिटलमधून मॅनेजर हेलनला कळवलं. तिने घाबरत घाबरत लिओनाबाईंना.

"बोटीसाठी आम्ही कितीदा थांबतो," त्या म्हणाल्या. "बाळासाठी थांबणार नाही का?"

आणि त्यांनी रेडिओवर जाहीर केलं, "इंजिनियरच्या घरी बाळ येतंय, तेव्हा फोन आज चालूच राहतील."

मुलगी झाली. एवढीशी. इनक्युबेटरमध्ये, नाकात नळी. स्वतःहून दूध पीत नव्हती. त्या दिवसांत मला तिच्याजवळ बसता आलं, ते बेटावरच्या त्या माणसांमुळे. हे मी जन्मभर विसरणार नाही.

*

एक्स्चेंज बदलायच्या पुढच्या तारखेला मी कामावर आलो, तेही अदितीनेच "जा, मी आहे" म्हणून पाठवलं तेव्हा. नवं एक्स्चेंज चालू झालं. पहिला फोन पंतप्रधानांनी शेजारच्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांना करायचा, असं ठरलं होतं. तिकडे हॉल भरला होता, भाषणं झाली होती. आम्ही स्क्रीनकडे डोळे लावून बसलो होतो.

फोन वाजला तो माझा. मी स्पीकर लावला.

"पंतप्रधान बोलतोय," पलीकडून आवाज आला. "बाळ दूध पिऊ लागलं का?"

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. निखिलने माझ्या हातून फोन घेतला.

"सकाळपासून पितेय, सर."

पलीकडे टाळ्या सुरू झाल्या. शेजारचे राष्ट्राध्यक्ष तोवर फोनपाशी बसूनच होते.