पाद्रीबाबांची मूठ
‘पाद्रीबाब होडीत डोळे मिटून, मुठीत जपमाळ धरून बसत, पाण्याला ते कधी भ्यालेच नाहीत,’ असे परवा चर्चच्या फेस्ताला एका विद्वानाने सांगितले आणि साऱ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. बाहेर कोणी होडीला माशाचे तेल चोळत होते. त्या उग्र वासाने मला तरुणपणीचा एक रविवार आठवला. माझी आई देवबागेला अंथरुणाला खिळली होती आणि दर रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना आटोपून पाद्रीबाब खाडी ओलांडून तिच्यासाठी पवित्र भाकर आणीत. त्या दिवशी वारा उठला होता. “आज नको, पाद्रीबाब,” मी म्हणालो. “तुझी आवस वाट बघता मां? मगे चल!” म्हणत ते होडीत चढले. पलीकडे पोहोचेपर्यंत त्यांचा झगा चिंब भिजला. प्रार्थना झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे आईला विचारले, “तुझ्यासाठी देवाकडे काय मागू गो?” त्यांच्या झग्यातून गळणारे पाणी पाहून ती म्हणाली, “माझा ऱ्हवांदे. तुमच्यासाठी काय मागूचा?” “माका पाण्याचो भंय वाटता, तो जावंदे म्हणान माग.” “भियातास, आणि दर आयतवारी येतास?” आई कितीतरी दिवसांनी हसली. मरेपर्यंत तिने ते मागणे मागितले. भय काही गेले नाही आणि पाद्रीबाबांचा एकही रविवार चुकला नाही. न भिणाऱ्याचे कसले कौतुक! राहिली जपमाळ. ती त्यांच्या खिशात असे. मुठीत असे ते माझ्या सदऱ्याचे टोक, आणि होडी वल्हवणारा मीच होतो.