फाट्यावरची फांदी

आता हे सांगू का नको, तेच कळत नाय. सांगितलं तर तुमी हसाल, आनि हसलात तर मला राग येईल. पन पोटात पन राहत नाय. तेव्हा चहा घ्या, ऐका, मधी बोलू नका.

आमचा कोळीवाडा तारापूरच्या अंगाला. आमच्याकडं गाडी म्हंजे अकरा नंबरची, हे दोन पाय! बाजार पायानं, लगीन पायानं, दवाखाना पायानं. शाळा पन पायानंच. मास्तरच्या टेबलाच्या खनात मी शनिवारी ओला बोंबील ठेवला, सोमवारी त्यांनी खन उघडला, आनि माझी सातवी तिथंच संपली. घरी आलो ते पन चालतच. धावत म्हना.

तर चालनाऱ्यांची एक रीत हाय आमच्याकडं. पुढं वाट वाईट असली, म्हंजे खाडीचं पानी चढलंय, बांध फुटलाय, तर पुढं गेलेला मानूस माघारी येतो. हिरवी फांदी तोडतो, वाटेच्या तोंडावर आडवी टाकतो, वर एक दगड ठेवतो. झालं! मागचा मानूस विचारत नाय, कोनी टाकली, कशाला टाकली. गपचूप दुसरी वाट धरतो. आमच्या आयला एक अक्षर वाचता येत नाय, पन फांदी वाचता येते.

माझी मोठी बहीन जनी. आमी तिला बाय म्हनतो. तिचा नवरा, म्हंजे आमचे भावजी, घाटावरचे. इकडं सरकारचं मोठं काम निघालं, तिथं एका ठेकेदाराच्या ट्रकवर ते डायवर. दोघं कामावरच्याच पत्र्याच्या खोलीत राहायचे, आमच्यापासनं अर्ध्या तासावर. बाय रोज संध्याकाळी आयकडं यायची. पायानंच, अजून कशानं?

एक दिवस भावजी म्हनाले, "ठेकेदारानं नागपूरच्या पुढं काम घेतलंय. आम्हाला जावं लागणार."

मी विचारलं, "चालत किती लागतं?"

भावजी हसले. "चालत? महिना लागेल की रे!"

मी पन हसलो. बाय नाय हसली. आय उठून आत गेली, रिकाम्या चुलीत फुंकर मारत बसली. एक महिना! आमच्यातलं कोन सगळ्यात लांब गेलेलं, तर सातपाटीला, मावशीकडं.

जायचा दिवस आला. बोईसरहून दोनची गाडी. ठेकेदाराचा ट्रक सामान घेऊन स्टेशनावर जानार होता, त्यातच बाय आनि भावजी. आयला बायची ओटी भरायची होती. खन, नारळ, तांदूळ, सगळं तिनं आठ दिवस आधी बांधून ठेवलेलं. पन त्याच सकाळी बाबाची होडी उशिरा लागली, भरून! मासळीला मीठ लावल्याशिवाय हलता येईना. भावजींनी निरोप धाडला, नाक्यावर उभ्या राहा, ट्रकमध्ये घेतो.

"ट्रकमधी? मी?" आय म्हनाली. "मी काय सिमिटची गोन हाय? माझे पाय हायत. मी पोचते." मग मला म्हनाली, "तू फुडं हो रे. बायला सांग, आयनं ओटी भरल्याबिगर गाडीत पाय ठेवू नको. आनि वाटेत माकडचाळे करू नको."

मी निघालो. चाललो, चाललो, फाट्यावर आलो. तिथनं बोईसरला दोन वाटा. एक खाजनातनं, म्हंजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातनं, बांधावरची, सरळ, मुरूम टाकलेली. दुसरी वाडीतनं फिरून, वाळूची, तिला तासभर जास्त लागतो. आनि तिथं उभा राहिलो नि माझ्या डोक्यात ते आलं.

ट्रक वाडीच्या वाटेनं गेला तर? वाळूत रुतनार! गाडी चुकनार! बाय आज रात्री आमच्याकडं राहनार! उद्या परत फांदी, उद्या परत गाडी चुकनार. असं करत करत ठेकेदार कंटाळनार आनि दुसरा डायवर बघनार. बघितलंत डोकं? असं डोकं असलेल्या पोराला मास्तरनी शाळेतनं काढलं!

करंजाची ही एवढी फांदी तोडली. सरळ वाटेच्या तोंडावर आडवी टाकली, वर दगड ठेवला. आनि झुडपामागं जाऊन बसलो.

ट्रक आला. धूळ उडवत आला. मी श्वास धरला. आनि ट्रक फांदीवरनं खाडकन निघून गेला!

टायरला काय वाचता येतंय? डायवर म्हंजे आपले भावजी, घाटावरचे, जन्मात कधी खाजन चालले नाय. त्यांना तो पाला. पन भावजींना आरशात मी दिसलो, झुडपातनं डोकं काढून तोंड उघडं टाकलेला. ब्रेक लागला.

"अहो मेव्हणे! तिथं काय करताय? चढा वर!"

आता तुमीच सांगा. जन्मात पहिल्यांदा ट्रक! मी फांदी उचलायची ना? दोन पावलांवर होती. पन मी त्या केबिनमधी उडी मारली, बायच्या शेजारी बसलो, आनि भावजींनी मला भोंग्याचा रबरी फुगा दाबायला दिला. पोंऽ पोंऽ! म्हशी बाजूला, सायकलवाले बाजूला! बोईसर येईपर्यंत मी राजा होतो. फांदी? कसली फांदी?

स्टेशनावर उतरलो. सामान उतरलं. एक वाजला.

"आय कुठवर आली असंल?" बाय म्हनाली.

"येईल. आयचे पाय म्हंजे काय!"

दीड वाजला. बाय प्लाटफारमच्या टोकाला जाऊन रस्त्याकडं बघून आली. परत गेली. परत आली.

"खाजनात पानी बिनी चढलंय का रे?"

"नाय गं. सुकं ठाक हाय. आपन आत्ताच नाय का आलो?"

"मग ती फांदी कसली होती?"

मी वाकून सामानाच्या दोऱ्या आवळायला लागलो.

"करंजाची. ताजी होती, वर दगड पन होता," बाय म्हनाली. "मी ह्यांना म्हनले, थांबा. तर हे म्हनले, पाला पडलाय." माझ्याकडं तिनं नीट बघितलं. लहानपनापासनं बघायची तसं. "का रे, भिवा?"

मी सामान तसंच टाकून धावलो.

आता खरा गाढवपना ऐका. मी धावलो कुठं? सरळ वाटेनं, फाट्याकडं, फांदी उचलायला! अरे, आय त्या वाटेवर नव्हतीच! फांदी बघून ती कधीच वाडीच्या वाटेला लागली असनार. तिकडं धावलो असतो तर निदान नारळाची पिशवी तरी तिच्या हातनं घेऊन पळालो असतो. पन नाय. छाती फुटेस्तोवर फाट्यावर गेलो. फांदीचा चुरा झालेला, पन दगड होता, आडवी होती, वाचता येत होती. बाजूला वाळूत आयचे पाय उमटलेले. सरळ आलेले, फांदीपाशी थांबलेले, आनि वाडीकडं वळलेले.

फांदी उचलून खाडीत फेकली. तेवढ्यात लांबनं इंजनाची शिट्टी आली.

परत आलो तेव्हा प्लाटफारम रिकामा. एका बाकावर आय बसलेली, मांडीवर पिशवी, पाय पोटरीपर्यंत वाळूनं माखलेले. मला वाटलं रडत असंल. नाय. पदरानं नुसता घाम पुसत होती.

"गाठ पडली?" मी विचारलं.

"गाडी हलली तेव्हा मी फाटकाशी होते," ती म्हनाली. "सगळ्या डब्यांतनं हात हलत होते. मी पन हलवला. आता त्यातला जनीचा कुठला, कोन सांगनार?"



बाकाच्या पलीकडं डोंगराकडची एक बाई बसलेली. तरनी, पायाशी गाठोडं, कुठंतरी कामाला निघालेली. आयनं तिच्याकडं बघितलं. मग उठली.

"लगीन झालंय ना गं तुझं?"

बाईनं मान हलवली.

"पदर पसर." आनि आयनं बायचा खन, बायचा नारळ, बायचे तांदूळ तिच्या ओटीत घातले. कपाळाला कुंकू लावलं. ती बाई बावरली, पाया पडली. आय मला म्हनाली, "भरलेली ओटी माघारी न्यायची नसते. कोनाची तरी लेकच ती."

मग आमी घरी निघालो. गावाबाहेर वाटा फुटतात तिथं आय वाडीकडं वळली.

"आये, सरळ जाऊ या ना," मी म्हनलो. "तुझे पाय दुखतायत."

"नको. त्या वाटेवर फांदी पडलीय."

"आता उचलली असंल कोनी."

"तुला काय ठावं?"

काय सांगू? सांगा ना, काय सांगायचं होतं? सरळ वाट सुकी ठनठनीत, आनि मी आयच्या मागनं वाळू तुडवत तासभर जास्त चाललो. ती अनवानी. मधी मधी थांबायची, पाय चोळायची, परत चालायची. एकदा थांबली तेव्हा म्हनाली,

"पन भला मानूस म्हनायचा हां तो फांदी टाकनारा. नायतर मी रुतले असते त्या खाजनात. स्वताचं काम टाकून माघारी आला असंल बिचारा. कोनातरी चांगल्या आयचं पोर असंल."

मी नाक पुसलं.

"होय," म्हनलो. "आय चांगली हाय त्याची."