माझ्या वाटणीचे मास्तर

मास्तर गेले तेव्हा मी उशाशीच होते. तरी ती बातमी माझ्या तोंडून कुणी ऐकली नाही, कारण डॉक्टर जिना उतरेपर्यंत ती चाळभर झाली होती. मी गॅलरीत आले तर जिन्यापर्यंत माणसं उभी. गावकर काकू माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या आणि मी त्यांना थोपटत राहिले. म्हणजे नवरा माझा गेला होता आणि समजूतही मीच काढत होते. पुढे शोकसभा झाली. जो उठेल तो सांगत होता, मास्तर सगळ्यांचे होते. गावकर काकू तर थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वैनी, मास्तर तुमच्या एकट्येचे नाय होते, आमचे सगळ्यांचे होते." लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसून मीही डोलावली, पण आत नुसता जळफळाट चालला होता. अहो, निदान आजच्या दिवस तरी...

लग्न होऊन मी लालबागच्या त्या चाळीत आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं वारं जोरात होतं. हे दिवसा शिवडीला एका गोदामाच्या कचेरीत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी गिरणी कामगारांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्र शिकवायचे, म्हणून सगळे मास्तर म्हणत. शिकवायचं ते आधी माझ्यासमोर बोलून बघायची सवय होती. मी भाकऱ्या थापतेय आणि हे परातीसमोर मांडी घालून सांगताहेत, की ज्या गोष्टी सगळ्यांच्या असतात त्याही दोन तऱ्हेच्या असतात. जिन्यावरचा दिवा घे. त्याच्या उजेडात तू चढलीस म्हणून मागून येणाऱ्याला उजेड कमी पडत नाही, आणि तू बघू नकोस असं कुणाला सांगताही येत नाही. नळाचं तसं नाही. तोही सगळ्यांचा, त्यालाही कुणी कुणाला मनाई करू शकत नाही, पण एकीने भरलेला हंडा दुसरीला मिळत नाही. म्हणून दिव्याला नुसता लावणारा लागतो, नळाला नियम लागतो.

मी विचारलं, "आणि तुम्ही यातले कोण?"

"मी दिवा," हे हसून म्हणाले. "माया वाटल्याने कमी होते का कधी?"

"माया नसेल होत. तुमची संध्याकाळ होते. मला तर तुम्ही नळच वाटता."

तेव्हा हसण्यावारी गेलं, पण मी गमतीने बोलले नव्हते. उजाडल्यापासून आमच्या दारात कोणी ना कोणी उभं असायचं. कुणाचा अर्ज, कुणाचं भांडण, कुणाचा मुलगा मोर्चात पकडला गेलेला. आमच्या खोलीचं दार बंद करायची पद्धतच नव्हती. लग्नानंतर कितीतरी दिवस नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर मी त्यांच्यामागून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जायची. त्यातही वाटेत कोणीतरी भेटायचंच.

आणि मग इंदू. शेवटच्या खोलीतली. तिचा नवरा सत्याग्रहात तुरुंगात गेला होता आणि पदरात तान्हं मूल होतं. दिसायला माझ्यापेक्षा उजवी, हे मी तेव्हाही कबूल करत होते आणि म्हणूनच जास्त जळत होते. आमच्या मजल्याला नळ एकच, तोही सकाळी थोडा वेळ यायचा. रिकामा हंडा रांगेत ठेवला की तुमचा नंबर लागला, तुम्ही स्वतः उभं राहायची गरज नाही, अशी रीत होती. हंडे पुढेमागे सरकवण्यावरून रोज तोंडं वाजायची. शेवटी मजल्याने ह्यांना नळावर पंच नेमलं. ह्यांनी इंदूचा हंडा पहिला लावला, कारण घरात तान्हं मूल, आणि आपला स्वतःचा उचलून सगळ्यांच्या मागे ठेवला. रांग लावणाऱ्याने शेवटी भरायचं, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही, हे त्यांचं म्हणणं. बायका वाहवा करत होत्या. हंडा मात्र माझा होता. इंदूचा हंडा भरल्याचा आवाज ऐकत मी मागे उभी राहायची.

गोळीबार झाला, संचारबंदी लागली, त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी कुणीतरी आवई उठवली की सरकार आता चाळींचं पाणी तोडणार. झालं. ज्याने त्याने हाताला लागेल ते भरून घेतलं. हंडे, बादल्या, घंगाळं, लोणच्याच्या बरण्या, गणपतीच्या आराशीचं पत्र्याचं पिंपसुद्धा. हे ओरडून सांगत होते, एकेकच भरा, सगळ्यांना पुरेल. कोण ऐकतो? जो तो म्हणे, मी नाही भरलं तर शेजारचा भरेल. आमच्या हंड्याची पाळी आली तेव्हा नळ नुसता फुसफुसला. पाणी कुणी तोडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आलं आणि बायका आदल्या दिवशीचं पाणी मोरीत ओतत होत्या.

पण त्या दिवशी आमच्या घरात थेंब नव्हता. दुपारी इंदू आपली कळशी घेऊन दारात आली. सगळ्या चाळीत एकटी तीच आली. मी म्हटलं, "ने परत. पोरासाठी ठेव." शब्द चांगलेच होते, सूर नव्हता. ती समजली आणि गेली. ह्यांनी बघितलं. आम्ही दोघांनी सुके पोहे चावले. आणि खरं सांगू? संचारबंदीमुळे दारात कुणी नव्हतं, हे माझ्यासमोर बसून होते, घसा कोरडा पडला होता, तरी ती दुपार मला फार बरी वाटली.

पुढे ह्यांनी मजल्याची बैठक घेऊन नियम ठरवून घेतला. आधी प्रत्येकाचा एकेक हंडा, शेवटचा भरल्याशिवाय कुणी दुसरा लावायचा नाही. ज्यांनी पिंपं भरली होती तेच आता एकमेकांवर डोळा ठेवायला लागले. राज्य झालं, मिठाया वाटल्या गेल्या, इंदूचा नवरा तर त्याच्या कितीतरी आधी सुटून आला, आणि तो नियम खोल्याखोल्यांत नळ येईपर्यंत टिकला. त्याचं कौतुक शोकसभेतही झालं. तोवर शेवटचा हंडा माझाच राहिला, हे कुणाला आठवलं नाही.

शेवटच्या आजारात परळच्या हॉस्पिटलने घरी न्यायला सांगितलं आणि घरात पुन्हा रांग लागली. येणारा प्रत्येक जण कॉटच्या कडेला बसायचा, हात हातात घ्यायचा. हे थकायचे, पण कुणाला नाही म्हणायचे नाहीत. मी चहा करत राहायची. माझ्या वाटणीला काय, तर औषधाच्या वेळा आणि उष्ट्या कपबशा. दिवस थोडे उरलेत हे मला कळत होतं, आणि तेही असेच भरून नेले जात होते. एका दुपारी गॅलरीत कुणी नाही असं बघून मी दाराला कडी लावली. भर दिवसा, उभ्या संसारात पहिल्यांदाच.

थोड्या वेळाने थाप पडली. इंदूचा आवाज. "मास्तर जागे आहेत का गं?" मी हललेच नाही. ह्यांनी डोळे उघडले, दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. आता म्हणणार, उघड. मी उठायला लागले. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. आज बंदच राहू दे."

इंदू थोडी थांबून निघून गेली. तिची पावलं लांब गेली. मग हे बोलायला लागले. अगदी हळू, अडखळत, पण बराच वेळ. दिवे लागेपर्यंत.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी मास्तरांच्या आठवणी लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी होकार दिला. नळाचं लिहिलं, नियमाचं लिहिलं, ते सगळ्यांचंच आहे. त्या दुपारी हे काय बोलले ते मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. इथेही लिहिणार नाही.