ड्रिलचं टेबल कोणी उचलायचं

आमच्या घरी येणारी पत्रकं ‘कामगार बंधूंनो’ अशी सुरू व्हायची. वडील ती कारखान्यांच्या गेटवर वाटायचे आणि उरलेल्यांची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो. त्या कागदांवर मी अक्षरं गिरवली. त्यांत बहिणींना जागाच नव्हती, हे लक्षात यायला मला सातपूरच्या एका छोट्या कारखान्याच्या शेडमध्ये नोकरीला लागावं लागलं.

मी लेथवर होतो. शेजारी ड्रिल मशीन. जाड खांब आणि त्याला धरून बिडाचं टेबल. जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, उंच असला की टेबल खाली घ्यायचं, बुटका असला की वर. मशीन शेठनं जुन्या बाजारातून आणलेलं. टेबल वरखाली करायचा दांडा बहुतेक त्या बाजारातच राहिला होता. मग बोल्ट ढिला करायचा, टेबल खांद्यावर झेलायचं आणि तसंच धरून बोल्ट आवळायचा. आम्ही लाकडी ठोकळे लावून पाहिले. जीपचा जॅक लावला, तो अर्ध्या उंचीवरच संपला.

ड्रिल चालवायची चांदवडकडची एक बाई. तिनं पाडलेलं भोक कधी तिरकं गेलं नाही. तरी हजेरीत ती हेल्पर. ऑपरेटर करा म्हणाली, तर शेठ हसले. “बाई, आधी टेबल उचलून दाखव, मग बोलू.”

त्यामुळे दर वेळी तिला मला हाक मारावी लागायची.

“भाऊ, खांदा घेऊन ये रे. बाकीचा तू तिकडंच ऱ्हा, तुझं काय काम नाय.”

शनिवारच्या सुट्टीला ती गावी गेली आणि येताना पिशवीतून विहिरीवरची जुनी कप्पी घेऊन आली. मी शिडी लावून ती छपराच्या लोखंडी अँगलला बसवली. दोराचं एक टोक टेबलाच्या पुढच्या कडेला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला तेलाचा रिकामा डबा, त्यात लेथखालचा लोखंडी कीस. बोल्ट ढिला करताच टेबल वाकडं होऊन खांबावर अडकलं.

“बादलीचा कान एकाच बाजूला असतो का रं? कधी पाणी शेंदलंस का नाय?”

मग खांबालगत दोन्ही बाजूंनी दोर बांधला. ती डब्यात मूठ मूठ कीस टाकत गेली. शेवटी तिनं दोन बोटं लावली आणि टेबल वर गेलं.

शेठनं स्वतः ते वरखाली करून पाहिलं. खूश झाले. ती म्हणाली, “आता करा ऑपरेटर.”

“आता कशाला? आता तर कोणीही उचलेल. हे हेल्परचंच काम झालं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टेबल जड होतं तेव्हा उचलवत नाही म्हणून हेल्पर. तिनं स्वतःच्या डोक्यानं ते हलकं केलं, तर हलकं आहे म्हणून हेल्पर! आणि शेडमधले माझे बंधू काय करत होते? हसत होते. एक जण तर म्हणाला, “बाईनं ड्रिलची इज्जतच घालवली.” शेठपेक्षा त्याचाच मला जास्त संताप आला.

तिनं पाना उचलला. बोल्ट घट्ट आवळला, दोर सोडला, कीस भंगारात ओतला. मला शिडीवर चढवून कप्पी उतरवली आणि पिशवीत टाकली.

दुपारी उंच जॉब आले. माल संध्याकाळी जायचा होता.

“टेबल खाली घे,” शेठ म्हणाले.

“मी हेल्पर हाय. टेबल ऑपरेटरनं उचलायचं, तुमचंच बोलणं.”

शेठनं माझ्याकडे पाहिलं. मी लेथवरचा हात हलवला नाही. “मी लेथचा ऑपरेटर. ड्रिलला ऑपरेटर नाही, शेठ.” हसणारे बंधूही या वेळी जागचे उठले नाहीत. बाईसाठी नव्हे, त्यांना आपला खांदा प्यारा होता.

शेवटी शेठनं बाह्या सारल्या, टेबलाखाली खांदा दिला आणि बोल्ट ढिला केला. सगळं वजन अंगावर आलं तसे गुडघे वाकले.

“कप्पी कुठंय?” ते ओरडले.

“पिशवीत,” ती स्टुलावरून म्हणाली. “आधी हजेरीत काय लिहिणार ते सांगा.”

ती ऑपरेटर झाली. पण तिचं काम दिसायला शेठच्या खांद्यावर बिडाचं टेबल यावं लागलं, याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही. वडिलांनी परवा नवीन पत्रक लिहायला सांगितलं. पहिलीच ओळ मी बदलली: ‘कामगार बहिणींनो आणि बंधूंनो’. ते म्हणाले, “अशी पद्धत नाही.” मी म्हटलं, “पद्धतच बदलायची म्हणून तर पत्रक काढतो ना आपण?”