सांधू नको रे म्हाराजा

माझ्या नवऱ्याला लिम्फोमा झाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. पहिल्या केमोसाठी गोव्यात जायचं होतं त्या सकाळी शिरोड्याच्या आमच्या अंगणात चुलतसासऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकराच्या आंगात जा काय तुटला-फुटला आसात, ता सगळा सांधून दी रे म्हाराजा!"

सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायच्या आत मी ओरडले, "सांधूक नको, काका!"

देवाला मध्येच अडवणारी सून! सासूबाईंनी डोळे वटारले. पण मी जन्मभर सावंतवाडीत जीवशास्त्र शिकवलेलं, गप्प कशी बसणार? म्हटलं, पेशीतला डीएनए काथ्याच्या दोरीसारखा पिळलेला असतो. पेशीची वाढ होताना त्याचा गुंता होतो. तेव्हा एक एन्झाइम तो धागा कापतं, गुंता सोडवतं आणि परत जोडतं. आज देणार ते लाल औषध त्या एन्झाइमला कापल्यावर तिथंच अडकवून ठेवतं, जोडूच देत नाही. धागे तुटले की कॅन्सरची पेशी मरते. देवाने सांधलं, तर औषध फुकट!

"मगे मागू काय गो, बाय?" काका पार गडबडले. नवरा पोट धरून हसत होता. "म्हाराजा, आधी हिच्या वर्गात येवन बस," म्हणाला. शेवटी काकांनी गाऱ्हाणं बदललं: वायट तुटला ता सांधू नको, बरा तुटला ता सांध. तसंच असतं ते. केसांच्या मुळाच्या, तोंडातल्या चांगल्या पेशीही त्या औषधाने तुटतात, पण बऱ्याचशा सावरतात.

गाडीत त्याने हळूच विचारलं, "आणि वायट पेशी सांधूक शिकल्यो तर?"

"शिकतात कधी कधी," मी बोलून गेले. माझ्या मेलीच्या जिभेला हाडच नाही!

आणि शिकल्या. आधी गाठी विरघळल्या, केस आले, आम्ही बाजारात जाऊन बांगडे आणले. मग गळ्यात पुन्हा गाठ आली आणि औषधाला जुमानेना. तो गेल्यावरही त्या पेशींनी कुठलं एन्झाइम बदललं असेल, हे मी वाचत बसायचे. काय करायचं होतं मला ते कळून? मला तो हवा होता. अजून हवा आहे.

यंदा घरच्या पूजेला काकांनी नारळ ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "काय मागू गो?" मला हवं ते मागण्यासारखं नव्हतं.

"सगळ्यांका बरा ठेव, म्हणा."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर एकट्यानेच 'म्हाराजा' लांबवायची त्याची खोड होती. मी थांबून राहिले.