गदा उचलल्यापासून पडेपर्यंत

आमच्या गाईड सरांना राक्षसानं लागोपाठ लोळवलं, तेव्हा त्यांनी कीबोर्ड पुढे सरकवला आणि म्हणाले, "हे सोपं करा. एक्स्टर्नल परीक्षकांसमोर असलं चालणार नाही."

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. वर्गातल्या इतर गटांनी लायब्ररीची, दवाखान्याची, बाजार समितीची सॉफ्टवेअरं केली होती. आम्ही दोघींनी गेम केला होता. दगडी पायऱ्यांचं एक कुंड, त्यात उतरणारा योद्धा आणि तळाशी गदा घेऊन उभा असलेला राक्षस. बस, एकच लढाई. पण ती जिंकताना वर्गातल्या पट्टीच्या खेळणाऱ्या मुलांनाही घाम फुटायचा.

"सर, सोपं केलं की त्यात काही उरतच नाही," माझी पार्टनर म्हणाली.

"आणि एक्स्टर्नलना जिंकता आलं नाही, तर त्यांना वाटेल प्रोजेक्टच चालत नाही. मग मार्क कोण देणार?"

तिनं ओठ असे घट्ट मिटले, की तोंडी परीक्षेआधीचा हा आठवडा जड जाणार हे मला तिथंच कळलं.

ती सटाण्याजवळच्या गावची, डाळिंबाची बाग असलेल्या घरातली. निमाणी बसस्टँडजवळ मुलींच्या होस्टेलवर राहायची. माझं घर पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. माझ्याकडे कॉम्प्युटर होता, तिच्याकडे चिकाटी. दुसऱ्या वर्षाला असताना तिनं कुणाकडून तरी एका परदेशी गेमची सीडी आणली आणि आमच्याकडे लावली. तोवर मी जे गेम खेळले होते त्यांत बटण दाबत राहिलं की समोरचे पडत जायचे. या गेममध्ये पडणारी मीच होते. तलवार फिरवली की दम कमी व्हायचा, ढाल धरली तरी दम जायचा, कोलांटी मारून बाजूला झालं तरी जायचा. पडद्याच्या कोपऱ्यात दमाची हिरवी पट्टी होती. ती संपली की आपला माणूस धापा टाकत उभा, आणि समोरच्याची कुऱ्हाड त्याच्या डोक्यात.

मी चिडून माउस आपटला. ती मागे पलंगावर शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "तू त्याच्याकडे बघतच नाहीस. तू तुझ्या तलवारीकडे बघतेस."

"म्हणजे?"

"मारण्याआधी तो खांदा मागे घेतो. दरवेळी. बघ ना."

मी बघितलं. खरंच घेत होता. मी हात आवरून धरला, खांदा मागे जाऊ दिला, कुऱ्हाड येताना कोलांटी मारली आणि मग एकच वार केला. एकच. परत मागे. मी त्यात इतकी गुंतले होते, की आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली ती मला ऐकूच आली नाही. तो पडला तेव्हा मी किंचाळले. आई पिठाच्या हातांनी धावत आली. काय झालं ते तिला समजावून सांगणं काही जमलं नाही.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. वीज कधी जाणार हे पेपरात यायचं, पण वीज पेपर वाचत नसे. लढाईच्या ऐन मध्यात पंखा थांबायचा, यूपीएस टीं-टीं करायला लागायचा, आणि जिथं खेळ साठवता येई ती जागा मैलभर मागे राहिलेली असायची. अशा वेळी घाई केली की हमखास मरण. ती मात्र त्या टीं-टींमध्येसुद्धा खांदा मागे जाण्याची वाट बघायची. ते तिला कसं जमायचं कोण जाणे. मला मात्र तेव्हाच वाटलं, की प्रोजेक्ट करायचा तर हिच्याबरोबर आणि असलाच काहीतरी.

आमचा राक्षस चौकोनी ठोकळ्यांचा, ओबडधोबड होता. त्याला चेहराही नीट नव्हता. पण त्याच्या हातातल्या गदेवर आम्ही सगळा हिवाळा घालवला. गदा वर जायला किती वेळ लागावा, वर गेल्यावर ती क्षणभर थांबावी की नाही, खाली आल्यावर राक्षस किती वेळ वाकलेला राहावा, कारण तेवढाच वेळ खेळणाऱ्याला वार करायला मिळणार. एक वार सुखानं होईल, दुसरा घाईघाईत होईल, तिसरा केलात तर मेलात, असं ते बसवलं होतं.

मग आम्ही ज्युनिअर मुलींना खेळायला बसवलं आणि मागे उभ्या राहून ऐकत राहिलो. मेल्यावर त्या काय बोलतात, हे तिला ऐकायचं होतं. काही जणी म्हणायच्या, "अगं, माझंच चुकलं, उगाच पुढे गेले," आणि लगेच पुन्हा बटण दाबायच्या. पण एक मुलगी उठूनच गेली. जाताना म्हणाली, "मला लागलीच नव्हती गदा. तुमचा गेम खोटा आहे."

पार्टनरचा चेहरा उतरला. ती मुलगी गेल्यावर तिनं ती लढाई पुन्हा, अगदी सावकाश चालवून बघितली. गदेभोवती आम्ही एक न दिसणारी चौकट आखली होती. ती चौकट योद्ध्याला भिडली की मार लागला असं कॉम्प्युटरनं धरायचं. ती गदेपेक्षा बरीच मोठी झाली होती. गदा हवेतून गेली तरी माणूस मरत होता.

"हाई खोटं शे," ती म्हणाली. चिडली की तिची अहिराणी बाहेर यायची. "ती बरोबर बोलली. आपण फसवत होतो."

त्या दिवशी तिनं डबाही उघडला नाही. चौकट कापून कापून गदेच्या अंगाला चिकटवली, तेव्हाच उठली. जिंकणं कितीही अवघड असो, पण मरणाऱ्याला आपण का मेलो ते कळलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं होतं. म्हणूनच सरांनी "सोपं करा" म्हटल्यावर मी कात्रीत सापडले.

कारण मला मुंबईच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, ती पास होण्याच्या अटीवर. घरी पेढे वाटून झाले होते. कॉलेजमधून परत येताना रिक्षात मी तिला म्हणाले, "गदेचा मार निम्मा करू. एवढंच. परीक्षा झाली की परत होता तसा."

"मार निम्मा केला, तर खेळणारा गदेखालीच उभा राहून तलवार फिरवत बसेल. राक्षसाकडे बघायची गरजच काय त्याला? मग आपण वर्षभर केलं काय?"

"आणि नापास झालो तर?"

"तर झालो."

"तुला काय जातंय?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. रिक्षावाल्यानं आरशातून मागे पाहिलं. ती निमाणीला उतरली आणि वळूनही न बघता गेली.

दुसऱ्या दिवशी ती येईल की नाही याचीच मला धास्ती होती. ती आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "मार तोच ठेवायचा. पण वेळ वाढवू." गदा वर जायला आम्ही थोडा अधिक वेळ दिला. गदेला साखळी जोडली आणि ती उचलताना साखळीचा खळखळाट होईल असं केलं, म्हणजे डोळ्यांना चुकलं तर कानांना कळेल. मेल्यावर पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरून यावं लागायचं, तेही काढून टाकलं. आता योद्धा थेट तळाशीच उभा राहायचा. मरायला हरकत नव्हती, फक्त पुन्हा उभं राहायला वेळ लागू नये. त्यावरही आमची भांडणं झाली. मला वेळ आणखी वाढवायचा होता, ती अडून बसली. शेवटी जे उरलं ते दोघींनाही पुरतं पटलेलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मे महिन्याचं ऊन लॅबच्या खिडक्यांतून आत आलं होतं. दुपारी वीज जायची होती आणि आमचा नंबर नेमका त्याच्या आधी लागला. एक्स्टर्नल म्हणून एक मॅडम आल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडी, गळ्यात चष्म्याची साखळी. आधीच्या गटाला त्यांनी असं काही उलटंसुलटं विचारलं होतं, की एक मुलगा बाहेर येऊन जिन्यावर बसून राहिला होता.

पार्टनरनं खेळून दाखवायला हात पुढे केला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नका खेळू. तुम्हाला येणारच. उठा, मी बसते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

कुठलं बटण कशाचं ते मॅडमनी विचारून घेतलं. योद्धा चार पावलं पुढे गेला. साखळी खळखळली, गदा आली, संपलं. पुन्हा तळाशी. पुन्हा गदा. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या मरत राहिल्या. बाहेर पुढचा गट दारातून डोकावत होता. सर घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, यांच्यापैकी एक जण पूर्ण करून दाखवेल."

"थांबा हो," मॅडम नजर न हटवता म्हणाल्या.

मग एकदा साखळी खळखळली आणि मॅडमनी काहीच केलं नाही. गदा वर गेली. कोलांटी. गदा शेजारच्या दगडावर आदळली. मॅडमनी वार केला आणि मागे सरकल्या. पार्टनरनं माझं मनगट पकडलं. पुन्हा खळखळाट, पुन्हा कोलांटी, पुन्हा एक वार. राक्षसाच्या जिवाची लाल पट्टी आखडत चालली. दारातली मुलं आत येऊन उभी राहिली, आणि त्यांना कुणी हटकलं नाही.

तेवढ्यात पंखे बंद पडले. लॅबचा यूपीएस टीं-टीं करायला लागला. त्याच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या हे आम्हाला माहीत होतं, मॅडमना माहीत नव्हतं. की त्यांनाही कळलं असेल? कारण त्यांचा हात घाई करायला लागला. राक्षस वाकला. एक वार. दुसरा वार. लाल पट्टीचं नुसतं टोक उरलं होतं. मागे जा, मागे जा, मी मनात म्हणत होते. मॅडमनी तिसरा वार केला. गदा आडवी आली आणि योद्धा दगडावर पडला.

"हाव नडली," मॅडम म्हणाल्या. पुढच्या क्षणी पडदा काळा झाला.

पंखे थांबलेल्या लॅबमध्ये मॅडमनी खुर्ची आमच्याकडे फिरवली आणि उजवा अंगठा डाव्या हातानं चोळत बसल्या. मग प्रश्न सुरू झाले. चौकट कशी मोजता? कोलांटी मारताना मार लागत नाही, तो वेळ नेमका किती? दम परत भरण्याचा वेग कसा ठरवला? पार्टनर धडाधड उत्तरं देत होती. तिचा चेहरा फुलला होता.

शेवटी मॅडमनी तो अंगठा पुढे केला. सांध्याशी सुजलेला होता. "मला संधिवात आहे. काय चुकतंय ते मला कळत होतं, वेळही कळत होती. पण कोलांटीचं बटण आणि बाण एकत्र दाबताना अंगठा वळतच नाही. तुमची गदा प्रामाणिक आहे. पण हा कीबोर्ड माझ्यासाठी केलेला नाही. त्याचा काय विचार केला?"

मला वाटलं आता पार्टनर काहीतरी ठोकून देईल, आणि मॅडमना ते क्षणात कळेल.

"नाही केला, मॅडम," ती म्हणाली. "सुचलंच नाही."

मॅडमनी मान हलवली, चष्मा पुसला आणि पुढच्या गटाला बोलावलं. तेवढ्यावरून आम्ही तरलो की बुडालो काही कळायला मार्ग नव्हता. जिन्यात सर आम्हाला मागे टाकून भराभर उतरून गेले.

निकाल लागायला अवकाश होता. तिचं सामान बांधून झालं होतं, होस्टेल सोडायचं होतं. तरी ती दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे हजर. "कॉम्प्युटर लाव," म्हणाली. आता याला मार्क नव्हते, कुणी मागितलंही नव्हतं. पण खेळणाऱ्याला हवी ती बटणं निवडता येतील, दोन बटणांचं काम एका बटणावर आणता येईल, अशी सोय ती करत बसली. मी म्हटलं, राक्षसाचा वेग कमी करायचीही सोय ठेवू. त्यावर ती नाही म्हणाली. मग म्हणाली, "विचार करते." तो विचार तिनं कधी पूर्ण केला ते मला माहीत नाही. आम्ही पास झालो, बऱ्या मार्कांनी. मी मुंबईला गेले, ती पुण्याला, बँकांची सॉफ्टवेअरं लिहायला. फोन होत राहिले, नंतर विरळ झाले.

पण त्या दिवसांतली एक दुपार अजून तशीच्या तशी दिसते. मी चहा घेऊन खोलीत आले, तर तिनं ओढणीनं स्वतःचा उजवा हात खुर्चीला बांधून घेतला होता आणि डाव्या हातानं एकटीच राक्षसाशी लढत होती. मरत होती, पुन्हा उभी राहत होती. माझ्या मागोमाग आई आली आणि दारातच थबकली.

"अगं, हे काय चाललंय?"

"थांबा काकू," ती म्हणाली. "बोलू नका. तो गदा उचलतोय."